काचेचा भुगा, ५३ ग्रेड आणि बागेची दीडशे फुटी भिंत : कार्यकारी अभियंता साहेबांना खुलं पत्र

मा. कार्यकारी अभियंता साहेब,

सप्रेम नमस्कार. ऑफिसचं नाव आणि तुमचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण नाव टाकलं की हे एका माणसाविरुद्धचं गाऱ्हाणं होतं आणि तसल्याच खुर्च्यांवर बसलेले बाकीचे सगळे सुटतात. तुम्हाला मात्र लगेच कळेल, कारण "सदर प्रस्ताव मंजूर विनिर्देशात बसत नसल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे" हे वाक्य तुमच्याच सहीनं माझ्या घरी आलंय, सात महिन्यांनी, साध्या टपालानं. (विनिर्देश म्हणजे कामाचं ठरवून दिलेलं स्पेसिफिकेशन, आणि अर्ज होता बागेच्या भिंतीचा तीस फुटांचा तुकडा थोड्या सिमेंटच्या जागी काचेचा भुगा घालून बांधू द्या, हा.)

मी इंजिनीअर नाही हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तो मुद्दा तुम्हाला काढायला नको. पुण्यातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये ३१ वर्षं असिस्टंट होतो, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो. क्यूबचे, म्हणजे ताकद तपासायच्या चौकोनी ठोकळ्यांचे, मोल्ड ऑइल लावून घट्ट करायचे, माल भरायचा, दुसऱ्या दिवशी खोलायचे, टाकीत टाकायचे, तारीख बघून काढायचे आणि सीटीएमखाली (दाबून ताकद मोजायच्या मशीनखाली) फोडायचे, हेच आयुष्यभर केलं. किती क्यूब फोडले असतील याचा हिशोब ठेवला नाही पण क्यूब फुटताना जो आवाज येतो ना, त्यावरनं कच्चा की पक्का हे आजही डोळे मिटून सांगतो, ही बढाई नाही, सवय आहे.

आता मूळ दुखणं. दर वर्षी जुलै-ऑगस्टात फायनल इयरची पोरं प्रोजेक्ट घेऊन यायची आणि दर वर्षी चार ग्रुपपैकी एकाचा तरी विषय तोच असायचा, सिमेंटच्या ऐवजी थोडं थोडं काहीतरी टाकाऊ घालून मसाला, म्हणजे विटा जोडायचा आणि प्लास्टरचा माल, करून बघायचा. कधी काचेचा भुगा, कधी पाडलेल्या भिंतीच्या विटांची पूड, कधी फुटक्या टाइल्स आणि कमोड, कधी बारामतीकडच्या साखर कारखान्यातनं आणलेली बगॅसची (उसाच्या चोथ्याची) राख. एका वर्षीच्या पोरांचं मला अजून आठवतं, भंगारवाल्याकडनं दोन पोती बाटल्या आणल्या, लॅबच्या सिंकमध्ये धुतल्या, लेबलं नखांनी खरवडून काढली, मग लॉस एंजेलिसच्या मशीनमध्ये (खडी किती झिजते ते बघायच्या फिरत्या पिंपात) लोखंडी गोळ्यांबरोबर घालून फिरवल्या. तो आवाज असा की वरच्या मजल्यावरचे सर खाली भांडायला आले. मग ७५ मायक्रॉनची चाळणी, नाकाला रुमाल, हाताला दोन दिवस खाज, आणि एवढं करून दिवसाअखेर चाळणीखाली जेमतेम घमेलंभर पांढरी पावडर, मैद्यासारखी मऊ.

ती पावडर सिमेंटच्या वजनाच्या १०, २०, ३० टक्के घालून ७०.६ मिलिमीटरचे क्यूब भरायचे आणि ७, २८, ५६ दिवसांनी फोडायचे. इतक्या वर्षांत साधारण एकच चित्र पाहिलं. ७ दिवसाला भुग्याचा क्यूब मागे पडतो, पोरांचं तोंड उतरतं. २८ ला बऱ्यापैकी जवळ येतो. ५६ ला १०-२० टक्केवाला साध्या क्यूबच्या बरोबरीनं उभा राहतो, कधी थोडा पुढेही जातो, आणि ३० च्या वर गेलं की बहुतेक वेळा खाली येतो. मग स्पायरल बाइंडिंग, वायवा, एक्स्टर्नल म्हणणार छान आहे, पुढे काय, आणि पोरगं म्हणणार सर फ्युचर स्कोप. रिपोर्ट माळ्यावर, फुटलेले क्यूब कॉलेजच्या मागच्या भिंतीशी, पुढच्या जुलैत ये रे माझ्या मागल्या. ३१ वर्षांत या सगळ्यातनं एक भिंत, एक ओटा, कुत्र्याचं घरसुद्धा बांधलं गेलं नाही. माझं दुखणं हे आहे.

म्हणून रिटायर झाल्यावर आमच्या भागातल्या बागेच्या कंपाउंड वॉलचं काम निघालं तेव्हा मी तुमच्याकडे अर्ज केला. दीडशे फूट लांब, पाच फूट उंच, डोक्यावर ना स्लॅब ना बीम. मागणी एवढीच होती की त्यातली फक्त शेवटची तीस फूट भिंत, जोडकाम आणि प्लास्टर, २० टक्के सिमेंटच्या जागी काचेचा भुगा घालून करू द्या, भुग्याची दळणावळ मी बघतो (दळणावळ म्हणजे शब्दशः दळून आणण्याची), क्यूब कुठल्याही लॅबला पाठवा, पडली तर माझ्या पेन्शनीतनं बांधून देतो. हे शेवटचं वाक्य बायकोला न विचारता लिहिलं होतं, ते वेगळं प्रकरण.

तुमच्या उत्तरावर माझं म्हणणं आता मुद्द्यानं लिहितो.

पहिलं, "विनिर्देशात बसत नाही" म्हणजे कुठल्या कलमात बसत नाही ते तरी सांगा. कारण सिमेंटच्या जागी टाकाऊ वस्तू घालायची ही कल्पना काही माझ्या डोक्यातनं निघालेली नाही, तुमच्या-माझ्या घराच्या भिंतीत ती कधीच जाऊन बसलीये. दुकानात जी पीपीसीची (राख मिसळलेल्या सिमेंटची) गोणी मिळते तिच्यात आयएस १४८९ या भारतीय मानकाप्रमाणे १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश असते, म्हणजे औष्णिक वीज केंद्रातली राख, जी एके काळी कुठे टाकायची म्हणून सगळे डोक्याला हात लावून बसले होते. स्लॅग सिमेंटमध्ये पोलाद कारखान्याची मळी २५ पासून ७० टक्क्यांपर्यंत चालते, आयएस ४५५. आणि ज्या आयएस २२५० वर वीटकामाच्या मसाल्याचं सगळं गणित उभं आहे, त्या १९८१ च्या कोडात पोझोलाना (चुन्याशी मिळून घट्ट होणारी राखेसारखी पूड) घातलेले माल टेबलातच दिलेत. काचेच्या भुग्याचं नाव तिथे नाही, मान्य, त्याला फ्लाय ॲशसारखं रुळलेलं स्थान अजून नाही, पण म्हणूनच तर तीस फूट मागितली, तीन मजले नाही मागितले.

आणि विटेच्या पुडीचं म्हणाल तर ती आपल्या आजोबा-पणजोबांची सुरखी. कसब्यात, शनिवारात जुना वाडा पाडताना कधी उभे राहून बघा, जोडातला तो गुलाबीसर माल पहारीलासुद्धा दाद देत नाही. चुना, वाळू आणि भाजलेल्या विटेची पूड, बैल जुंपलेल्या घाण्यात दिवसभर मळलेली. तेव्हा कुणी त्याला वेस्ट मटेरियल म्हणत नव्हतं. (आता तोच वाडा पाडून तीच वीट ट्रॅक्टरनं नदीकाठी जाते आणि वर येणाऱ्या बिल्डिंगला सिमेंट येतं चंद्रपूरहून.)

दुसरं, तुमच्या एस्टिमेटमधलं ५३ ग्रेड. बागेच्या भिंतीच्या प्लास्टरला तुम्ही ओपीसी ५३, एकास तीन लिहिलं. (ओपीसी म्हणजे राख-मळी न मिसळलेलं साधं सिमेंट, ५३ ही त्या सिमेंटची ठरावीक चाचणीतली ताकद, आणि एकास तीन म्हणजे एक भाग सिमेंटला तीन भाग वाळू.) का? वीटकामाच्या मसाल्याला कोड ३, ५, फार तर साडेसात न्यूटन दर चौरस मिलिमीटरला मागतो आणि हे ५३ चं सिमेंट तुम्ही मागता कुठे, तर जिथे वरनं वजनच येत नाही तिथे. मसाला विटेपेक्षा जास्त कडक नको हे तर साधा गवंडीपण सांगतो, कारण भिंत हलली तर तडा जोडात जायला पाहिजे, विटेत नाही. कडक आणि सिमेंट जास्त असलेलं प्लास्टर सुकताना आकसतं, त्यात मार्चचं ऊन, क्रश सँडमध्ये डस्ट भरपूर, पाणी मारायला टँकर दोन दिवस आला आणि तिसऱ्या दिवशी गायब. परिणाम मी रोज सकाळी फिरायला जाताना बघतो. भिंत झाली मार्चमध्ये, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गेटपासून चिंचेच्या झाडापर्यंत जाळीसारखे बारीक तडे, नख घातलं तर मावत नाही पण पहिल्या पावसात पाणी बरोब्बर मावणार. परवा तिथे एक पेंटर पुट्टी भरून रंग मारत होता. म्हणजे विनिर्देशात काय बसतं तर हे बसतं.

यात काचेचा भुगा घातला असता तर एकही तडा गेला नसता असं मी म्हणणार नाही. पाणी न मारलेलं कुठलंही प्लास्टर तडकतं, आणि भुगा घातलेल्या मालाला तर पाणी जास्त दिवस लागतं कारण त्याचं काम सावकाश चालतं. सिमेंट पाण्याशी भिजून जमतं तेव्हा त्यातनं चुना सुटतो, बारीक दळलेल्या काचेतली सिलिका त्या चुन्याला हळूहळू धरते आणि त्याचाही डिंक होतो, सिमेंटच्याच डिंकासारखा. पण त्याला ओल लागते आणि दिवस लागतात. सात दिवसांत निकाल मागणाऱ्याला तो नापासच दिसणार.

यातनंच तिसरी तक्रार येते. तुमची सगळी बिलं २८ दिवसांच्या क्यूबवर अडकलेली आहेत. ५६ दिवसांचा निकाल बघायची सोयच कागदावर नाही, त्यामुळे सावकाश पण नीट घट्ट होणारा माल पहिल्याच फेरीत बाद. आणि क्यूबचं म्हणाल तर मी ज्या धंद्यात होतो तिथलं उघड गुपित सांगतो, साइटवर भिंतीचा माल वेगळा आणि क्यूबचा माल वेगळा असतो, क्यूबसाठी सुपरवायझर स्वतः उभा राहून माल कालवतो, वर दोन थापी सिमेंट जास्त. आम्ही लॅबमध्ये बसून त्या मेहनतीनं कालवलेल्या मालाला पास करायचो. तुमचा विश्वास त्या कागदावर आहे आणि माझ्या तीस फुटांवर नाही, याचं वाईट वाटतं.

चौथं, राडारोडा. पुण्यात रीडेव्हलपमेंट किती जोरात चाललीये ते तुम्हाला मी काय सांगणार, परवानग्यांच्या फायली तुमच्याच सारख्या टेबलांवरनं जातात. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, दर गल्लीत एक हिरवं कापड लावलेली बिल्डिंग. पाडलेला माल जायला पाहिजे प्रक्रियेला, वाघोलीला महापालिकेचा प्रकल्प आहे, पण रात्री बाराला नदीपात्रात आणि टेकडीच्या पायथ्याला रिकामे होणारे डंपर पुण्यातल्या कुणी बघितले नाहीत? केंद्राचे २०१६ चे नियम असे होते की दिवसाला २० टन किंवा महिन्याला एका प्रोजेक्टमध्ये ३०० टनांवर राडारोडा निघाला तर तो जागेवरच वेगळा करायचा, काँक्रीट वेगळं, माती वेगळी, लोखंड-लाकूड-प्लास्टिक वेगळं, विटा-मसाला वेगळा. त्याच नियमांत सरकारी आणि पालिकेच्या कामांत या मालापासून बनवलेल्या वस्तूंची खरेदी ठरावीक टक्के, साधारण १० ते २०, बंधनकारक करायची असंही लिहिलं होतं. नंतर २०२५ मध्ये नवे नियम निघाले, लागू व्हायची तारीख १ एप्रिल २०२६. नियम नवे येतात, एस्टिमेटचा फॉरमॅट तोच राहतो, फक्त वरचं वर्ष खोडून नवं घालतात.

हे वेगळं करणं किती महत्त्वाचं आहे ते लॅबवाल्याला विचारा. विटेची पूड चांगली, पण त्यात फॉल्स सीलिंगचं पीओपी मिसळलं की संपलं. पीओपी म्हणजे जिप्सम, त्यातलं सल्फेट सिमेंटमध्ये गेलं की माल नंतर फुगतो आणि आतनं सोलतो. आमच्याकडे एका ग्रुपनं पाडलेल्या फ्लॅटचा ढिगारा आहे तसा दळला, त्यांचे क्यूब दोन महिन्यांत टाकीतच कडेनं भुगभुगीत झाले, हातात घेतल्यावर कोपरा बिस्किटासारखा आला. पोरांना वाटलं प्रोजेक्ट फसला, मी म्हटलं अरे हाच तर निकाल आहे, लिहा. त्यांनी लिहिला नाही, मार्क जातील म्हणून. काचेचंही तसंच, बारीक दळली तर कामाची, जाडी राहिली तर वाळूसारखे कण सिमेंटच्या अल्कलीशी भांडून जेल धरतात, ते पाणी पिऊन फुगतं आणि भिंत आतनं तडकते. म्हणजे तीच बाटली, एका चाळणीखाली औषध आणि दुसऱ्या चाळणीवर विष.

आता तुमच्या बाजूचा खरा मुद्दा मीच मांडतो, कारण तुमच्या पत्रात तो नव्हता आणि तो असता तर मी गप्प बसलो असतो कदाचित. एकदा का "सिमेंट कमी, पावडर घाला" असं टेंडरमध्ये आलं की ठेकेदार कसलीही पावडर घालणार, क्रशरची डस्ट घालणार, गोणीत आधीच फ्लाय ॲश असलेलं पीपीसी वापरून वर आणखी २० टक्के घालणार आणि वर म्हणणार साहेबांचीच परवानगी आहे. भेसळीला राजमार्ग. ही भीती शंभर टक्के खरी आहे, मी पण रात्री हाच विचार करतो. पण त्याला उपाय बंदी हा नाही. भुगा आणि ओपीसी एका ठिकाणी, वजनानं मिसळून, गोणी शिवून साइटवर आणा, गवंड्याच्या हातात सुटी पावडर द्यायचीच नाही. दर खेपेला बारीकपणा चाळणीवर बघा. आणि पहिली पाच वर्षं ज्याच्यावर काही उभं नाही अशाच कामात वापरा, कंपाउंड, ओटे, फुटपाथच्या कडा. फ्लाय ॲशही आधी ठेकेदाराच्या फावड्यानं नाही, कारखान्याच्या गोणीतनंच लोकांच्या विश्वासाला उतरली.

हे सगळं कशासाठी, तर क्लिंकर (दळून ज्याचं सिमेंट होतं तो भाजलेला खडा) १४५० डिग्रीच्या आसपास भाजावं लागतं आणि चुनखडी भाजताना दगडातनंच कार्बन डायऑक्साइड सुटतो, कोळशाचा धूर वेगळा. ओपीसीच्या ५० किलोच्या गोणीमागे ढोबळमानानं ४० किलो धरा. त्यातली १० किलो जागा काचेनं घेतली तर ८ किलोच्या आसपास वाचतात, त्यातनं दळायच्या विजेचा खर्च वजा. मोठा आकडा नाही, पण शहरात रोज किती गोण्या फुटतात ते तुमच्या स्टोअरला विचारा. आणि काच वेचणाऱ्या बायकांना विचारा, काचेला भाव नाही म्हणून बाटली फुटलेली असली की त्या हात लावत नाहीत, हात कापायचा आणि किलोला मिळणार चिल्लर. फुटक्या काचेला गिऱ्हाईक झालं तर तो हात थोडा तरी भरेल.

माझ्या मागण्या सरळ आहेत. एक, माझ्या अर्जाला कलम नंबरसकट उत्तर द्या, "निकाली" नको. दोन, पुढच्या कुठल्याही बिनवजनाच्या भिंतीत तीस फूट ट्रायल म्हणून मंजूर करा आणि शेजारी तीस फूट नेहमीच्या मालाची तुलनेला ठेवा, दोन्हीवर पाटी लावा. तीन, वीटकाम आणि प्लास्टरच्या आयटमला सिमेंटच्या ग्रेडऐवजी मसाल्याची ताकद, पाणी शोषणं आणि क्युरिंगचे दिवस लिहा, म्हणजे ५३ चा हट्ट आपोआप सुटेल. चार, अशा मालासाठी ५६ दिवसांचा क्यूब ग्राह्य धरा आणि क्यूब भरताना भिंतीवरच्या घमेल्यातलाच माल घ्या, फोटोसकट. पाच, पाडकामाच्या परवानगीतच पीओपी आधी उतरवून वेगळं द्यायची अट घाला. सहा, निकाल वाईट आला तरी बाहेर सांगा, आमच्या पोरांसारखं लपवू नका.

पैसे मागत नाहीये, समितीवर घ्या म्हणत नाहीये, माझ्या नावाची कोनशिला तर मुळीच नको.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, सगळं उत्तर हातात आल्यावरच बोलावं म्हणून थांबलो नाही. कॉलेजनं भंगारात काढलेले मोल्ड मी किलोच्या भावानं विकत घेतलेत. बाल्कनीत निळ्या टबात सहा क्यूब पाण्यात आहेत, तीन साधे, तीन २० टक्के काचेचे, माल तुमच्या भिंतीच्या ठेकेदाराच्याच वाळूचा, त्याच्या माणसाला चहा पाजून दोन पाट्या आणली. प्रत्येकावर परमनंट मार्करनं तारीख आहे. सहा क्यूबनं काही सिद्ध होत नाही हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहितीये. पण ५६ वा दिवस या महिन्याच्या २४ तारखेला येतोय, शुक्रवारी, सकाळी साडेदहाला एका खासगी लॅबमध्ये फोडायचं ठरलंय, फी भरलीये. तुम्ही या, किंवा तुमच्या ज्युनिअरला पाठवा, मशीनचा काटा तुम्हीच वाचा. लॅबचा पत्ता वेगळ्या पाकिटात तुमच्या आवक-जावकला दिलाय, पोच घेतलीये.

आपला,
क्यूब फोडणारा एक रिटायर माणूस, पुणे